योगी अस्वल आणि आमचा मका

काल रात्री मक्याच्या जागलीला पोरगी पण हट्टानं माळ्यावर आली. झोप लागू नये म्हणून मोबाईलवर जुनं कार्टून लावलं, योगी बेअर. १९५८ चं, हॅना-बार्बेरावाल्यांचं, योगीचा पहिलाच भाग.

जेलीस्टोन पार्कातलं हे बोलकं अस्वल. पार्काचं नाव अमेरिकेतल्या यलोस्टोनवरून घेतलेलं. गड्याला आत कोंडल्यासारखं होतं. बाहेर पडायला नाना खटपटी करतो, फसतो. शेवटी एकदाचा सुटतो, तर बाहेर शिकारीचा हंगाम चालू! बंदुका वाजल्या की परत आत पळत येतो.

मी खो खो हसलो. पोरगी हसली नाही. म्हणाली, "बाबा, आपल्याकडं येणारी डुकरं पण अशी परत पळतात ना?"

आता काय सांगू. अर्धा एकर मका डुकरांनी लोळवलाय, आन् बांधाला करंट सोडायची तार मी दुपारीच आणून माळ्याखाली ठेवलेली. योगीला निदान बंदुकीचा आवाज तरी आला. तारेला आवाज नसतो.

सकाळी तार गुंडाळून घरी नेली. आज परत जागल. डबा वाजवायला सोबतीला कोण येतंय?