नवसाचं नाव

शमुवेल या हिब्रू नावाचं कोकणात सामाजी झालं आणि यहेज्केलचं हसाजी. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शेजाऱ्यांनी ज्यांना 'शनवार तेली' म्हटलं, त्या बेने इस्राएल ज्यूंची ही नावं. मूळ नाव बिघडलं, असं कुणी म्हणेल. मला ते मुरलेलं वाटतं. शमुवेलचंच घ्या. बायबलातल्या हन्नाला मूल नव्हतं. शिलोच्या मंदिरात तिनं नवस केला, मुलगा झाला तर तुलाच वाहीन. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता; एली याजकाला वाटलं, बाई पिऊन आली आहे. मुलगा झाला, त्याचं नाव तिनं शमुवेल ठेवलं, देवाकडून मागून घेतला म्हणून. यावर हिब्रूचे जाणकार अडतात. 'मागितलेला' हा अर्थ शौल या नावाला शोभतो, शमुवेलमध्ये 'नाव' आणि 'देव' एवढंच दिसतं. हरकत रास्त आहे. पण लोकांनी जपलं ते आईनं दिलेलं कारण. गडचिरोलीतल्या मार्कंडा गावाला ही कथा फोड करून सांगावी लागणार नाही. वैनगंगेकाठच्या त्या देवळांशी ज्याचं नाव जोडलं आहे, तो मार्कंडेयही मृकंडू ऋषींना शंकराच्या वरानं मिळालेला. फरक इतकाच, की मार्कंडेय या नावात बाप आहे, शमुवेलमध्ये देणारा.

याच समाजातले सामाजी हसाजी दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेतून सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन असं ते बोलले होते, अशी त्यांच्या समाजाची परंपरा सांगते. 1796 मध्ये मुंबईत ते उभं राहिलंही. नाव नवसाचं आणि कामही नवसाचं, हा निव्वळ योगायोग म्हणता येईल. तेव्हा या समाजाकडे हिब्रू ग्रंथ जवळपास नव्हतेच. मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं ते 1832 चं. दिवेकरांना हन्ना ठाऊक असेलच असं नाही, हे कबूल. मात्र वारसा पोथीतूनच येतो, हे मला पटत नाही. संदेष्टा एलियाहू हानावीच्या नावानं पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि फळांचा मलिदा करून हे लोक आजही नवस फेडतात. हा विधी कुणी पुस्तकात वाचून घरात आणलेला नाही. एका संदेष्ट्याचं नाव परातीतून टिकू शकतं, तर दुसऱ्याचं, शमुवेलचं, पाळण्यातून का टिकू नये? मुंबईतल्या त्या प्रार्थनामंदिराच्या रस्त्याला पुढे सॅम्युएल स्ट्रीट म्हणू लागले. सामाजी रस्ता म्हणायला काय हरकत होती, कोण जाणे.