गोठ्यातला कॅमेरा आणि आयपीचा पत्ता

५ जुलै, कोळवण
भातलावणी जोरात आहे. सगळं घर दिवसभर खाचरात, आणि इकडे गाईचे दिवस भरत आलेत. म्हणून गोठ्यात कॅमेरा बसवून घेतला. घरच्या वाय-फायवर चित्र स्वच्छ दिसतं. रेकॉर्डरला पत्ता नेमून दिलाय १९२.१६८.१.६४. असे पत्ते १९९४ सालापासून खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेत. हाच पत्ता कोथरूडला दादाच्या घरीही असू शकतो, कारण तो उंबरठ्याबाहेर जातच नाही.

८ जुलै
खत आणायला पौडला गेलो. तिथून मोबाइलवर कॅमेरा उघडेना. राउटरमध्ये पोर्ट तर उघडून ठेवलं होतं. घरी येऊन राउटरचं पान पाहिलं : बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.८२ ने सुरू होणारा. ‘माझा आयपी’ सांगणाऱ्या साइटवर मात्र दुसराच आकडा. उलगडा झाला. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या आतल्या वापरासाठी राखला गेला. म्हणजे ऑपरेटरकडे आणखी एक पत्ता बदलणारं यंत्र आहे आणि त्याच्यामागे आम्ही सगळी गिऱ्हाइकं. वाड्याला टपालाचा पत्ता एक, आत बिऱ्हाडं अनेक. आतून धाडलेल्या पत्राचं उत्तर ज्याचं त्याला पोचतं. बाहेरून आलेला पाहुणा कुणाकडचा, हे दिंडीवर कळत नाही.

९ जुलै
लाइनचं काम बघणारा मुलगा आला. म्हणाला, “काका, सगळ्यांना प्रायव्हेटच आयपी असतो. स्टॅटिक हवा तर वर्षाचे वेगळे पैसे.” त्याचाही नाइलाज आहे. जुन्या, आयपीव्ही४ पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाले. उशिरा आलेल्या लहान ऑपरेटरांच्या वाट्याला मोजकेच आले.

स्टॅटिक म्हणजे न बदलणारा, प्रायव्हेट म्हणजे बाहेरून न पोचता येणारा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या रेकॉर्डरचा पत्ता स्टॅटिकही आहे आणि प्रायव्हेटही. बाहेरून पोचायचं तर ‘पब्लिक स्टॅटिक’ असं स्पष्ट मागायला हवं.

१२ जुलै
शेजारची ताई हिंजवडीच्या एका कंपनीचं काम घरून करते. नोंदवलेल्या पत्त्यावरूनच तिला तिथली सिस्टिम उघडता येते. तिने पैसे भरून पब्लिक स्टॅटिक घेतला, ते योग्यच केलं. मला गोठ्यासाठी तो नको. उघड्या पत्त्यावर ठेवलेला कॅमेरा चोरांच्या यंत्रांना लगेच सापडतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातलेच पासवर्ड राहिलेले कॅमेरे आणि राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले होते. सामाईक पत्त्याचाही जाच आहेच : एखाद्याच्या मशीनमधून स्पॅम गेला की त्याच पत्त्यामागच्या सगळ्यांवर साइट संशय घेतात आणि ‘रोबोट नाही’ हे सिद्ध करायला लावतात.

१५ जुलै
घरच्या जुन्या संगणकावर आणि आमच्या फोनांवर टेलस्केल नावाचं ॲप घातलं. प्रत्येक टोक आतून बाहेर जातं, तिथे एकमेकांचा ठावठिकाणा मिळतो आणि मधे कुलूपबंद वाट तयार होते. पब्लिक पत्ता लागत नाही, राउटरचं पोर्टही उघडावं लागत नाही. ते मी बंद करून टाकलं. काल रात्री गाय व्याली. दादाने कोथरूडहून सगळं पाहिलं, आणि वार पडेपर्यंत फोनवर आईशी बोलत राहिला.

हा तोडगा चालतो, पण खरा उपाय आयपीव्ही६. त्यात पत्त्यांचा तुटवडाच नाही. प्रत्येक घराला, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो, दाराला फायरवॉलचं कुलूप तेवढं लावायचं. आपल्याकडच्या मोठ्या मोबाइल कंपन्या तो देतातच. गावातल्या फायबरवरही तो मिळायला हवा. कनेक्शन घेताना आपण स्पीड आणि महिन्याचे पैसे विचारतो. तितक्याच हक्काने विचारावं : पत्ता पब्लिक की प्रायव्हेट, बदलणारा की कायमचा, आणि आयपीव्ही६ आहे का? उत्तर पावतीवर लिहून मागावं. पैसे मोजणाऱ्याला आपण काय विकत घेतलं हे कळलंच पाहिजे, मग तो पुण्यातला असो की कोळवणातला.