शाळा नाही, तर बोर्ड नाही

मागच्या वर्षी ऑगस्टमधल्या एका रविवारी, सकाळी सात वाजता, मी एका तेरा वर्षांच्या मुलीला स्केटबोर्ड परत ठेवायला लावला. ओरडलो वगैरे नाही. नुसतं म्हणालो, "या आठवड्यात पण लाल आहे तुझं." तिने बोर्ड रॅकमध्ये नीट ठेवला, हेल्मेट काढून खुंटीला अडकवलं, "ठीक आहे दादा" म्हणाली आणि गेली. मला काहीच वाटलं नाही. नियम होता, मी तो पाळला होता. पाऊस थांबला होता आणि बाकीची एकवीस मुलं वाट बघत होती.

तिला आम्ही सगळे छोटी म्हणायचो. त्या दिवसानंतर छोटी चार महिने आली नाही.

थोडं मागे जातो. मी पुण्यात राहतो, हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेल सोडून चाललेल्या एका सीनिअरने त्याचा बोर्ड मला आठशे रुपयांत विकला. पार्किंगमध्ये पडत-झडत शिकलो. नोकरी लागल्यावर माझ्यासारखेच आणखी पाच जण भेटले आणि आम्ही ठरवलं, की वस्तीतल्या मुलांना दर रविवारी शिकवायचं. आमच्या भागात महापालिकेचं एक वापरात नसलेलं स्केटिंग रिंक होतं. ओळखीच्या सुतारकाकांनी प्लायवूडचा कमरेएवढा रॅम्प करून दिला. हे नक्की कशासाठी, ते त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. बोर्ड नऊ, मुलं बावीस.

पालकांचा पहिला प्रश्न अर्थातच "हातपाय मोडला तर?" त्यावर माझ्याकडे फोनवरची एक क्लिप तयार असायची. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं आणि मुलींच्या स्ट्रीट प्रकारात जपानच्या मोमिजी निशियाने सुवर्णपदक मिळवलं. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. ही क्लिप बघून छोटीची आई हसली होती. "आमची पण तेराचीच आहे," म्हणाली आणि फॉर्मवर सही केली.

छोटीचं शिकणं बघण्यासारखं होतं. रॅम्पवरून पहिल्यांदा खाली उतरणं, ज्याला ड्रॉप-इन म्हणतात, ते भल्याभल्यांना जमत नाही. बोर्डचं शेपूट रॅम्पच्या काठावर पायाने दाबून धरायचं, बोर्डचा बाकीचा भाग हवेत. दुसरा पाय पुढच्या चाकांच्या वर ठेवायचा आणि मग सगळं वजन एकदम पुढे टाकायचं. शरीर ओरडून सांगत असतं, मागे झुक. मागे झुकलात की बोर्ड पुढे पळतो आणि तुम्ही पाठीवर आपटता. म्हणून पहिल्या काही वेळा समोर उभं राहून दोन्ही हात धरायचे, मग एक, मग बोट. छोटीने दुसऱ्याच रविवारी माझा हात झटकला होता.

आता नियमाबद्दल. तो आम्ही उसना आणला होता. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं गाव आहे. २०१५ मध्ये उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी तिथे स्केटपार्क उभा केला. त्याचे दोन नियम प्रसिद्ध आहेत. एक, मुली आधी. दोन, शाळा नाही तर स्केटबोर्डिंग नाही. याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरली. ही गोष्ट वाचली तेव्हा मी रात्री एकला ग्रुपवर मेसेज टाकला होता, "आपण पण हेच करायचं."

आणि मी इंजिनिअर असल्यामुळे त्याचं लगेच एक शीट केलं. वर्गशिक्षिकांकडून महिन्याची हजेरी मागवायची, पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की नावासमोरचा चौकोन लाल. ज्यांनी पुण्यात इंजिनिअरिंग केलंय त्यांना हा आकडा कुठून आला ते सांगायला नको. डिफॉल्टर लिस्टला चार वर्षं शिव्या घातल्या आणि संधी मिळाल्यावर पहिलं काम काय केलं, तर तशीच एक लिस्ट काढली.

लाल चौकोनाचा परिणाम व्हायचा, हेही खरं आहे. दोन-तीन मुलं त्याच्या धाकाने नियमित शाळेत जायला लागली. त्यामुळे छोटी जेव्हा सलग तीन आठवडे लाल दिसली, तेव्हा मला वाटलं, हिचंही होईल. बोर्डची ओढ तिला सगळ्यात जास्त आहे, सगळ्यात आधी हीच सुधारेल.

डिसेंबरमध्ये मी भाजी घेत होतो, तर तिची आई भेटली. मी विचारलं, "ताई, छोटी येत का नाही?" ती जरा संकोचली. मग म्हणाली, "सर, तुम्हीच तर नको म्हणाला ना तिला."

मग कळलं ते असं. जुलैमध्ये तिने घरकामाची दोन घरं सोडून एका हॉस्पिटलात साफसफाईची नोकरी धरली. पगार बरा, पण ड्यूटी सकाळी सहाला सुरू. धाकटा मुलगा दीड वर्षाचा. शेजारची आजी ज्या दिवशी त्याला सांभाळायची त्या दिवशी छोटी शाळेत जायची. आजीचे गुडघे धरले की छोटी घरी. आठवड्यात आईला एकच सुट्टी, रविवार. "मग रविवारी दोन तास मीच तिला म्हणायची, जा तू, मी बघते याला."

म्हणजे तिच्या आठवड्यात कडेवर भाऊ नसलेले खेळाचे तास दोनच होते. आणि ते मी काढून घेतले होते, तिने शाळेत जावं म्हणून.

त्या रात्री मी पुन्हा वाचायला बसलो. या वेळी स्केटिस्तानबद्दल. नाव आधीपासून माहीत होतं. त्यांच्या काबूलमधल्या मुलींवरच्या माहितीपटाला २०२० मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा तो बघितलाही होता. पण बघताना माझी नजर बोर्डांवर होती. या वेळी मी बाकीचं बघितलं.

२००७ मध्ये ऑलिव्हर पर्कोविच हा ऑस्ट्रेलियन स्केटर तीन बोर्ड घेऊन काबूलला पोचला. रस्त्यावर मुलं गोळा झाली, त्यांत मुलीही होत्या. मुलींनी सायकल चालवणं तिथे लोकांना खपत नव्हतं, पण स्केटबोर्ड हा प्रकारच कुणी पाहिलेला नव्हता. त्यामुळे तो मुलींनी खेळायचा नाही असं ठरवायलाही कुणाला वेळ मिळाला नव्हता. २००९ मध्ये त्यांचा बंदिस्त स्केटपार्क आणि त्याला लागून वर्ग सुरू झाले. पुढे नॉम पेन्ह झालं, जोहान्सबर्ग झालं.

मला थांबवलं ते पुढच्या तपशिलांनी. मुली मोठ्या झाल्यावर रस्त्याने येऊ शकत नाहीत, तर त्यांना आणायला-सोडायला गाडी. घरचे मुलांबरोबर खेळू देत नाहीत, तर मुलींचे दिवस वेगळे आणि शिकवायला बायका. जी मुलं शाळेतच जात नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा वर्ग, जिथे तीन इयत्तांचा अभ्यास एका वर्षात करून घेऊन त्यांना सरकारी शाळेत दाखल करायचं. आमच्या शीटमध्ये जे मूल लाल होऊन बाहेर गेलं असतं, त्याच्यासाठीच त्यांनी दार उघडं ठेवलं होतं.

हे सगळं करूनही सगळं वाचलं नाही. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये काबूलमध्ये आत्मघाती हल्ला झाला. त्यात रस्त्यावर किरकोळ वस्तू विकणारी मुलं गेली आणि त्यांत स्केटिस्तानची मुलं होती. स्केटिंग शिकत होती, शिकवतही होती, तरी घरासाठी रस्त्यावर विकायला उभं राहणं त्यांना सुटलं नव्हतं. २०२१ मध्ये तालिबान परत आलं आणि काबूलमध्ये मुलींचं स्केटिंग बंद झालं. बोर्डने सगळे प्रश्न सुटतात असं म्हणणाऱ्याने हे दोन्ही लक्षात ठेवायला हवं.

जनवारचा नियम चुकीचा आहे, असं मला म्हणायचं नाही. छोट्या गावात एखादं मूल शाळेत का आलं नाही हे चार घरं ओलांडेपर्यंत कळतं. नियमाच्या मागे ती माहिती उभी असते. शहरात मी छोटीच्या घरापासून दीड किलोमीटरवर राहत होतो आणि मला काहीच माहीत नव्हतं. मी नियम तेवढा आणला, गाव आणायचं राहिलं.

आम्ही सहाही जण बसलो, थोडं भांडलोही. एकाचं म्हणणं, नियम सैल केला की सगळेच कारणं सांगतील. सांगतीलही. शेवटी ठरलं ते एवढंच, की लाल चौकोन दिसला की बोर्ड काढायचा नाही, त्या आठवड्यात त्या घरी जायचं. आमच्यातल्या एका ताईने शाळेतल्या बाईंना भेटून छोटीची अडचण सांगितली. पाळणाघराची चौकशी केली, पण सकाळी साडेपाचला दार उघडणारं एकही सापडलं नाही. अजून सापडलेलं नाही.

छोटी जानेवारीत परत आली, भावाला घेऊन, कारण त्या महिन्यात आईच्या रविवारच्याही ड्यूट्या लागल्या होत्या. चार महिन्यांत तिची उंची वाढली होती आणि पाय बिचकत होते. पोरांनी भावाला बोर्डवर बसवलं आणि रिंकभर ढकलत फिरवायला लागली. तो टाळ्या वाजवत होता. छोटी रॅम्पच्या काठावर उभी राहिली, शेपूट दाबून धरलं, खाली बघितलं आणि दोन्ही हात माझ्याकडे केले.

"दादा, सोडू नका हां."

मी हात धरले. त्या दिवशी पाच वेळा ती तशीच उतरली.

शीट अजून आहे. चौकोन अजून लाल होतात. नावाच्या पुढे आता एक रकाना वाढवलाय, कारणाचा. या आठवड्यात छोटीसमोर लिहिलंय, "सोम, मंगळ गैरहजर. भावाला ताप." नववीला ती जाईल की नाही, मला सांगता येत नाही. रविवारी मात्र सातच्या आधीच ती रिंकच्या दारात असते, आणि किल्ली घेऊन उशिरा पोचणारा बहुतेक वेळा मीच असतो.