बारा चित्रांचा सेकंद

परवा रात्री पावणेबाराला मी हॉलमध्ये एकटीच ओरडले. आई धावत आली, तिला वाटलं पाल पडली अंगावर. पाल कसली! भाकरी फुगली होती. शिसपेन्सिलीने कागदावर काढलेली माझी भाकरी मोबाइलच्या पडद्यावर आधी एका कडेने जरा उचलली गेली, अर्धा क्षण थबकली आणि टम्म झाली. मी ती सलग वीस वेळा बघितली. आईनेही बघितली, दोनदा. मग म्हणाली, "छान आहे, पण उद्या शाळा आहे."

तीन आठवड्यांपूर्वी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कार्टून म्हणजे कॉम्प्युटर करतो, एवढंच. यंदा नववीला चित्रकलेच्या सरांनी प्रोजेक्ट दिला: हाताने काढलेल्या चित्रांची, हलणारी, 10 ते 15 सेकंदांची फिल्म. मला वाटलं, दहा सेकंद? एका संध्याकाळचं काम.

सरांनी आधी वहीच्या कोपऱ्यात चेंडू पाडायला सांगितला. मी गणिताची जुनी दोनशेपानी वही घेतली. सुरुवात शेवटच्या पानापासून करायची, म्हणजे खालच्या पानावरचं चित्र वरच्यातून पुसटसं दिसतं आणि पुढचं कुठे काढायचं ते कळतं. ही युक्ती कळली तेव्हाच मी निम्मी वेडी झाले होते. पाच सेंटिमीटर उंची, सहा चित्रं, मधे पाच अंतरं. पट्टी लावून प्रत्येकी 10 मिलिमीटर मोजले. एकदम व्यवस्थित. अंगठ्याने पानं सोडली आणि चेंडू... उतरला. पडला नाही, उतरला! मॉलमधल्या लिफ्टसारखा.

सरांनी वही पाहिली आणि विचारलं, "अगं, हा चेंडू आहे की पाहुणा? इतक्या सावकाश का येतोय?" मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: 1, 3, 5, 7, 9. वर असताना चित्रं जवळजवळ, खाली येताना लांबलांब. बेरीज 25. माझ्या पाच सेंटिमीटरला हिशेब बसवला तर 2, 6, 10, 14, 18 मिलिमीटर. पुन्हा काढलं, पुन्हा पानं सोडली. धप्प! आवाज आला, आईशप्पथ. कागदातून आवाज कसा येईल, पण मला आला.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की हे तर आपलं गतीविषयक दुसरं समीकरण आहे! विज्ञानाच्या पहिल्याच धड्यातलं, जे मी न समजता पाठ केलं होतं आणि चाचणीत चुकवलंही होतं. घरी येऊन आकडेमोड केली. सेकंदाला 12 चित्रं धरली तर पाच अंतरं म्हणजे सेकंदाचे पाच बारांश, साधारण 0.42 सेकंद. तेवढ्या वेळात हातातून सुटलेली वस्तू 85 सेंटिमीटर खाली येते. मी पट्टी घेऊन उभी राहिले. जवळजवळ माझी कंबर! म्हणजे मी नकळत कमरेवरून सोडलेला चेंडू काढला होता. समीकरणं अशी का नाही शिकवत कुणी?

बारा का, तर सिनेमाची फिल्म सेकंदाला 24 चौकटींनी पळते, पण प्रत्येक चित्र दोनदा टिपलं तरी डोळा तक्रार करत नाही. निम्मी मेहनत वाचते. तरी हिशेब बघा: 14 सेकंदांची फिल्म म्हणजे 168 चित्रं. एका संध्याकाळचं काम म्हणणारी मी त्या दिवशी जरा गप्प जेवले.

दुसऱ्या दिवशी सरांनी एमिल कोल या फ्रेंच माणसाची 1908 सालची फिल्म दाखवली, ‘फँटासमागोरी’. दोन मिनिटंसुद्धा नाही आणि तिच्यासाठी सुमारे 700 चित्रं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा, अगदी फळ्यावर खडूने काढल्यासारख्या. प्रत्यक्षात कागद पांढरा आणि रेषा काळ्या होत्या, फिल्म उलटी छापून त्याने फळ्याचा भास केला. बाटलीचं फूल होतं, फुलाचा हत्ती. वर्गातली मागच्या बाकावरची गँगसुद्धा चूप. सव्वाशे-दीडशे माणसांच्या कॉम्प्युटर कंपन्या जे करतात ते ठीकच, पण एक माणूस आणि एक पेन! मला त्या क्षणी दुसरं काहीच व्हायचं नव्हतं.

विषय मला चेंडूनेच दिला. जमिनीवर आदळल्यावर तो एका चित्रापुरता चेपायचा असतो, नाहीतर दगड वाटतो. मी चेपला तर तो लहानच झाला. सर म्हणाले, "चपटा झाला तरी आतलं पीठ तेवढंच राहतं ना? उंची कमी झाली की रुंदी वाढव." पीठ! मला थेट आजी दिसली. बाजरीचा गोळा, परात, थाप, थाप, थाप. गोळा चपटा होतोय, पण पीठ तेवढंच. ठरलं.

आजीचं थापणं मी जन्मापासून बघतेय. खोटं. मी ते कधीच बघितलं नव्हतं. मोबाइलवर शूटिंग करून एकेक चौकट सरकवली तेव्हा कळलं की उजवा तळवा नुसता दाबत नाही, दाबता दाबता भाकरी फिरवतो. डावा हात कडेला कुंपणासारखा उभा. थाप पडताना हात झपकन खाली येतो, वर जाताना रेंगाळतो. सेकंदाला दोन थापा, म्हणजे एका थापेला सहा चित्रं. मी म्हटलं, "आजी, जरा हळू थाप ना, नीट दिसत नाही."

"हळू थापली की फाटते ती," आजी म्हणाली आणि थांबलीही नाही.

हे वाक्य मी टेबलावर चिकटवलं आहे. कारण मी नेमकं तेच केलं होतं: थापेला नऊ चित्रं दिली, आणि पडद्यावरची बाई भाकरी थापण्याऐवजी मांजर कुरवाळत होती.

आमचा स्टुडिओ ऐका. जुन्या बॉक्स फाइलमधली लोखंडी क्लिप उपटून जेवायच्या पाटावर ठोकली, कागदांना दोन भोकांच्या पंचने भोकं पाडली, म्हणजे प्रत्येक कागद नेमका त्याच जागी बसतो. शोकेसची काच पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर ठेवली, खाली एलईडीचा दिवा. मग आधी थापेच्या दोन टोकांची चित्रं काढायची, हात वर आणि हात खाली. त्यांना की म्हणतात. नंतर मधली, ती इनबिटवीन. की काढताना छाती धडधडते, इनबिटवीन काढताना झोप येते. हे खरं सांगितलेलं बरं.

पहिली थापणी जोडून बघितली तर हात हलत होते, पण भाकरी ढिम्म! मी तर प्रत्येक चित्रात ती फिरवली होती. डोकं खाजवलं, सरांना फोन करावा म्हटलं, आणि मग हसूच आलं. गोल फिरवला तर गोलच दिसणार! काहीतरी खूण हवी. मी कडेला एक छोटी चीर काढली. भाकरी लगेच गरागरा फिरायला लागली, मी नाचले आणि आजीला दाखवायला पळाले.

आजीचा चेहरा पडला. "माझ्या भाकरीला चीर?"

खूण आहे गं ती, फिरताना दिसावी म्हणून, वगैरे मी सांगितलं. तिला ते पटेना. शेजारीपाजारी बघतील, शाळेत बघतील, काय म्हणतील, पीठ विरी गेलेलं वापरते ही? थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "बोटांचे ठसे काढ की. थापल्यावर बोटं उमटतातच." उमटतात! आणि ती फिरतातही! चाळीस चित्रांतली चीर खोडरबराने पुसली, ठसे काढले. माझ्या फिल्ममधली सगळ्यात हुशार गोष्ट आजीची आहे.

परातीने मात्र छळलं. ती हलत नाही, मग 72 वेळा का काढा? म्हणून मी पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर ती एकदाच काढली आणि प्रत्येक चित्रावर ठेवली. अमेरिकेत अर्ल हर्डने 1914 मध्ये पारदर्शक सेल्युलॉइडच्या अशाच युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, हे सरांकडून कळलं तेव्हा मला उगीचच आपण त्याच्या पंक्तीत बसल्यासारखं वाटलं. मग बघते तर परातीची कड आजीच्या मनगटातून आरपार! भुताची आजी. शेवटी मनगटं येतात तेवढी कड शीटवरून पुसली आणि तेवढीच कागदावर काढली.

फोटो काढायला बसले संध्याकाळी पाचला, खिडकीशी. सातला संपले. पडद्यावर काय, तर भाकरी थापता थापता रात्र झाली. सगळे फोटो पुन्हा, पडदे ओढून, एका दिव्याखाली.

त्या रात्री एकेक कागद बदलत, एकेकदा बटण दाबत असताना मला फाळके आठवले. आम्ही नाशिककर, आमची दरवर्षीची सहल पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात. तिथे मी आजवर फक्त डबा खाल्ला आहे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, 1912 मध्ये, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा ठेवून एकेक चौकट टिपत ‘अंकुराची वाढ’ केली. 1915 मध्ये तर ‘आगकाड्यांची मौज’, नुसत्या काड्यांची! ती फिल्म आज बघायला मिळत नाही, याचं मला खरंच रडू आलं. त्याच 1912 साली तिकडे फ्रँकफर्टच्या मॅक्स वर्थायमरने दाखवून दिलं, की दोन जागच्या दोन स्थिर रेषा पाठोपाठ दाखवल्या तर माणसाला एकच रेष हललेली दिसते. मधलं हलणं कुठेच नसतं, ते आपलं डोकं घालतं. म्हणजे माझ्या फिल्ममधली आजी कागदावर थापतच नाही. बघणारा थापतो! फाळक्यांनी कित्येक दिवस गोळा करून मिनिटांत बसवले, आणि मी आजीचे 14 सेकंद तीन आठवड्यांवर पसरून वाळत घातले.

फुगण्याचं चित्र शेवटी राखलं होतं. आधी सरळ हिशेब केला, बारा चित्रांत हळूहळू फुगवली, तर फुगा झाला. मग तव्याजवळ बसले. सलग सात भाकऱ्या बघितल्या (दोन खाल्ल्या). तेव्हा दिसलं, की बराच वेळ काहीच होत नाही, मग एका कडेला फोड येतो, वाफ पापुद्र्याखालून वाट काढत पळते आणि शेवटचं टम्म होणं एवढंसं असतं. म्हणून जवळजवळ स्थिर असं बरंच काही, आणि फुगायला फक्त चार चित्रं. चार! पावणेबाराची किंकाळी त्या चार चित्रांची.

सकाळी आजीला चष्मा लावून समोर बसवलं. तिने पूर्ण बघितली. तोंडाला पदर लावून हसली. पुन्हा लाव म्हणाली. तिसऱ्यांदा बघताना पडद्यावर बोट टेकवून म्हणाली, "पाणी कुठंय?"

"कसलं पाणी?"

"तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं असतं. तू कोरडीच उलटलीस. अशी भाकरी फुगायची नाही, बाई."

मी मोबाइलमधलं तिचं शूटिंग पुन्हा काढलं. आहे. पाण्यात बुडवलेली चार बोटं भाकरीवरून गोल फिरतात, कडेपर्यंत, आणि मी ती जागा दर वेळी पुढे सरकवून टाकली होती. घड्याळ लावलं. तीन सेकंद. म्हणजे छत्तीस चित्रं, आणि प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय. पाट खाली घेतलाय, पेन्सिलीला टोक करतेय, आणि आजी ओल्या हाताने शेजारी उभी आहे, "परत दाखवू का?" विचारत.