मागचं चाक

बाबा गेल्यावर त्यांची क्लासिक 350 माझ्याकडे आली. टायर गुळगुळीत झालेलाच होता, म्हटलं आता मागे रुंद चाक घालू. मूळ टायर 110/90-18. मला हवा होता 140/70-17. एक गॅरेजवाला तर साध्या अरुंद रिमवरच तो चढवून द्यायला तयार होता.

लाटंबार्सेला गेलो तेव्हा काकांनी टेप काढली. 140 च्या टायरला साडेतीन ते साडेचार इंचांची रिम हवी. अरुंद रिमवर तो कडांनी आवळला जातो, मध्ये फुगतो, आणि वळणावर गाडी कलली की पकड कुठे सुटेल ते कळत नाही.

"मग रिमच रुंद घेतो."

"चेनकडे बघ रे. तीस मिलिमीटर वाढले म्हणजे दोन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा. जागा आहे?"

बोट घालून पाहिलं. नव्हती.

"पावसात दोडामार्गला तुझा बाप ह्याच टायरवर जायचा," एवढंच म्हणून ते चहा घ्यायला उठले.

नवा 110/90 घातला. मागून गाडी सडपातळच दिसते, त्याचं थोडं वाईट वाटतंच.