आजोबा, ऐका!

कोलकात्याला निघाले तेव्हा बॅगेत दोन असाइनमेंट्स होत्या आणि डोक्यात आजोबांची फर्माईश. ‘‘ट्राममध्ये बस आणि तिथून मला फोन कर.’’ बास! रसगुल्ले नकोत, काही नको.

2023 चा डिसेंबर. पहिले दोन दिवस मी टिपिकल मुंबईकरासारखी धावत होते. हावडा ब्रिज, डन! व्हिक्टोरिया मेमोरियल, डन! काठी रोल, डबल डन! तिसऱ्या दिवशी श्यामबाजारला होते आणि चार वाजता एस्प्लनेडजवळ मीटिंग. तिथली मैत्रीण म्हणाली, ‘‘मेट्रोनं जा ना, पंधरा मिनिटांत पोचशील.’’ देशातली पहिली मेट्रो ही, 1984 ची. टेम्प्टिंग होतं. पण म्हटलं, आता नाही तर राहूनच जाईल.

चढले ट्राममध्ये. 1873 मध्ये इथली ट्राम घोडे ओढायचे, 1902 पासून ती विजेवर आली. स्पीड मात्र घोड्यांचाच! पुढे हातगाडी, मागे टॅक्सींचे हॉर्न आणि मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतेय. कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकांच्या टपऱ्या आल्या तेव्हा कुठे फोन लावला.

‘‘आजोबा, ऐका!’’ फोन पुढे धरला. टण् टण् टण्.

पलीकडे शांतता. मग प्रश्न, ‘‘बसायला जागा मिळाली का?’’

मी हसले. ते मात्र पहिल्यांदाच काहीतरी सांगायला लागले. 31 मार्च 1964. मुंबईची शेवटची ट्राम त्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. (दादर टीटी म्हणतो ना आपण? ते ट्राम टर्मिनस!) आजोबा तेव्हा 24 वर्षांचे, ऑफिस फोर्टात. रोजचा प्रवास ट्रामचा. पण त्या दिवशी ही गर्दी! ते सरळ लोकल पकडून घरी गेले. ‘‘म्हटलं, उशीर कशाला करा? लवकर पोचून काय केलं, ते मात्र आठवत नाही बघ.’’

मीटिंगला वीस मिनिटं लेट. व्यवस्थित ओरडा खाल्ला.

सप्टेंबर 2024 मध्ये बातमी आली. मैदान ते एस्प्लनेड ही हेरिटेज फेरी तेवढी ठेवून बाकी ट्राम बंद करायचं पश्चिम बंगाल सरकारनं जाहीर केलं. कारण? ट्रॅफिक. घाबरतच आजोबांना सांगितलं.

‘‘तू बसलीस ना?’’ ते म्हणाले. ‘‘मग झालं तर.’’