ऑशकॉशच्या आकाशातील ईर्यासमिती

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, विनेबागो सरोवराच्या पश्चिम तीरावर ऑशकॉश हे शहर वसले आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली स्थापन केलेल्या हौशी वैमानिकांच्या संस्थेचा वार्षिक मेळा १९७० पासून येथील विटमन विमानतळावर भरतो. जुलैअखेरच्या त्या आठवड्यात सुमारे दहा हजार विमाने या परिसरात उतरतात.

उतरू पाहणारे विमान धावपट्टीभोवती आयताकृती फेरी घेते. आधी वारा पाठीशी घेऊन ते धावपट्टीला समांतर जाते, मग काटकोनात वळते आणि अखेरीस वाऱ्याला सामोरे जात भूमीवर टेकते. डाव्या आसनावरील वैमानिकाला धावपट्टी दिसत राहावी म्हणून वळणे सहसा डावीकडे घेतली जातात. फेरीचा क्रम सर्वांना सारखाच असला तरी तिचा घेर ज्याच्या-त्याच्या शक्तीनुसार ठरतो. पायपर कबसारखे कापडी आवरणाचे हलके विमान धावपट्टीच्या जवळून आटोपशीर फेरी घेते. जेट विमान अधिक उंचीवरून, दूरवर घेर घेत येते.

हे दोघे एकाच रांगेत आले, तर प्रसंग प्राणावर बेततो. वेगवान विमानाने मर्यादेपलीकडे वेग कमी केला, तर पंखांची उचल नाहीशी होऊन ते कोसळते. पुढच्याला ओलांडू पाहिले, तर टकरीचे भय.

ऑशकॉशने यावर साधा उपाय योजला आहे. नैर्ऋत्येकडील रिपन गावापासून फिस्क या खेड्यापर्यंत विमाने रेल्वेमार्गावरून एकामागोमाग येतात. बहुतेक विमाने समुद्रसपाटीपासून १८०० फुटांवर, ९० नॉट म्हणजे ताशी सुमारे १६७ किलोमीटर वेगाने उडतात. ज्यांना इतके हळू उडणे सुरक्षित नाही, त्यांच्यासाठी २३०० फुटांवर १३५ नॉट वेगाचा निराळा मार्ग आहे. दोन विमानांत किमान अर्धा मैल अंतर राखावे लागते. पुढच्याला ओलांडण्यास मनाई आहे. अंतर राखता आले नाही, तर रांग सोडून, रिपनला परतून पुन्हा आरंभ करावा लागतो.

फिस्क येथे नियंत्रक दुर्बिणी घेऊन बसतात. विमानाचा रंग आणि ठेवण पाहून ते रेडिओवरून सूचना देतात. वैमानिकाने बोलायचे नसते; पंख डोलावून सूचना कळल्याची खूण करायची असते. धावपट्टीवर मोठे रंगीत ठिपके रंगवलेले असतात. एकाला अलीकडच्या, तर दुसऱ्याला पलीकडच्या ठिपक्यावर उतरण्यास सांगून एकाच धावपट्टीवर अनेकांची सोय लावली जाते.

पुढची चार हात भूमी न्याहाळून, कोणत्याही जीवाला इजा होणार नाही अशा बेताने पाऊल टाकणे, ही आपल्याकडील ईर्यासमिती. ऑशकॉशच्या वैमानिकांना हा शब्द ठाऊक नसेल. परंतु चार हातांच्या जागी अर्धा मैल न्याहाळत ते याच जागरूकतेने उडतात. रांग सोडून रिपनला परतणाऱ्याची काही मिनिटे आणि थोडे इंधन खर्ची पडते. त्या बदल्यात त्याचा आणि पुढच्याचा, दोघांचाही जीव सुरक्षित राहतो.